‘आईचं दुखणं वेगळं होतं’: एका बहिणीचे प्रश्न आणि तपासण्यांचा क्रम

रुग्ण : स्त्री, वय ३९. एक मुलगी, वय १५.
येण्याचं कारण : थोरल्या भावाला ४३व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, उजव्या बाजूचं आतडं काढावं लागलं.
स्वतःची तक्रार : काहीच नाही, असं तिचं म्हणणं.
सोबत : रिपोर्टांनी फुगलेली फाइल.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा कुटुंबांत जे पुन्हा पुन्हा घडतं आणि विचारलं जातं, ते एका घरात आणून मांडलं आहे. वैद्यकीय बाजू मात्र जशी असते तशीच ठेवली आहे. इतक्या तपशिलात लिहायचं कारण असं, की कर्करोगाच्या धास्तीने येणारा जवळपास प्रत्येक माणूस आधी विचारतो, ‘कोणती तपासणी करू?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या घरातल्याच माहितीत असतं. ती माहिती त्याला कोणी नीट विचारलेली नसते.

फाइल

भावाचं ऑपरेशन झाल्यावर आठवड्याभरातच तिने स्वतःहून रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या होत्या : सीईए, सीए १९-९, सीए-१२५. काही कर्करोगांत रक्तात वाढणारे हे पदार्थ, ‘ट्यूमर मार्कर’ म्हणतात त्यांना. पोटाची सोनोग्राफीही होती. सीए-१२५ चा आकडा ४१ आला होता आणि समोर मर्यादा ३५ छापलेली. त्या एका आकड्याने तिची झोप उडाली होती. तिचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, एकदाच सगळ्या अंगाचं स्कॅन करून टाकू का? म्हणजे जिवाला घोर राहणार नाही.”

आधी तो आकडा. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत वाढतं, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तेव्हा) वाढतं, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, पोटातला क्षयरोग, यकृताचे आजार, गरोदरपण यांतही वाढतं. तिने रक्त दिलं त्या दिवशी पाळी चालू होती. पाळी संपल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा मर्यादेत आला. पण मुद्दा तिच्या एका रिपोर्टपुरता नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांच्या मदतीने बीजांडकोशाचा कर्करोग शोधत राहिल्याने त्या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. रोग थोडा आधी कळला, पण त्या कळण्याने शेवट बदलला नाही.

सीईएचंही तसंच. धूम्रपान करणाऱ्यांत ते वाढलेलं असतं, आणि सुरुवातीच्या अवस्थेतल्या आतड्याच्या कर्करोगात बरेचदा अगदी नॉर्मल असतं. म्हणून निरोगी माणसाने ते करून काही कळत नाही. तिच्या भावासाठी मात्र तीच तपासणी महत्त्वाची आहे. आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी सीईए पाहतात, कारण तिथे आकडा चढू लागणं हा रोग परतल्याचा इशारा असू शकतो. रक्त तपासायची पद्धत एकच, पण दोन माणसांत तिचा अर्थ वेगळा होतो. हे तिला पटायला वेळ लागला, आणि लागणारच. लॅबच्या कागदावर दोघांच्या रिपोर्टात काहीच फरक दिसत नाही.

मग सगळ्या अंगाच्या स्कॅनचा प्रश्न. इथे मी दक्षिण कोरियाचं उदाहरण देतो. तिथे सोनोग्राफी स्वस्तात आणि सरसकट होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र जवळपास होती तेवढीच राहिली. म्हणजे ज्या गाठींनी जन्मभर काही केलं नसतं, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना रोजची गोळी लागली. काहीतरी सापडणं म्हणजे फायदा झाला, असं नसतं. कोणाला, कोणत्या अवयवासाठी, किती अंतराने पाहिलं तर आयुष्य वाढतं, एवढंच विचारायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये स्क्रीनिंगचे, म्हणजे त्रास नसलेल्या माणसांच्या तपासणीचे निकष लिहिले, त्यांचा गाभा हाच होता. पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते निकष अजून लागू आहेत.

स्कॅन नको, असं मी म्हटल्यावर ती नाराज झाली. तिला वाटलं, आपल्याला कमी तपासण्या सांगताहेत. पुढे तिच्या वाट्याला आलेल्या तपासण्या त्या एका स्कॅनपेक्षा जास्त होत्या, पण त्या वेगळ्या होत्या.

घराण्याचा कागद

“घरात आणखी कोणाला कर्करोग?” या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, “नाही. म्हणजे आईला झाला होता, पण तिचं दुखणं वेगळं होतं. गर्भाशयाचं. बायकांचं ते.”

आईचं वय त्या वेळी ४८. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, ऑपरेशन झालं, बरी झाली. आज ती ६६ वर्षांची आहे. मामा ५८व्या वर्षी गेला. कशाने, तर ‘किडनीचं काहीतरी’. वडील हृदयविकाराने गेले आणि त्यांच्या बाजूला कोणाला काही नाही. धाकटी मावशी ठणठणीत.

मामाचे जुने कागद शोधायला सांगितलं. घरोघरी ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणून जे सांगितलं जातं ते जठराचं, यकृताचं, आतड्याचं किंवा बीजांडकोशाचं, यांतलं काहीही असू शकतं, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो. डिस्चार्जचा कागद सापडला. त्यावर मूत्रवाहिनीचा, म्हणजे किडनीकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीचा कर्करोग लिहिलेला होता, वय ५६.

आता कागदावर तीन माणसं होती : भाऊ, आई, मामा. अवयव तीन, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने तीन वेगळी संकटं. वैद्यकात मात्र आतडं, गर्भाशयाचं अस्तर आणि मूत्रवाहिनी ही एकाच कुटुंबात येणारी ओळखीची साखळी आहे. तिच्यामागच्या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. ती ओळखण्यासाठी १९९० च्या दशकात ‘ॲमस्टरडॅम निकष’ ठरले : तीन नातेवाईक, त्यांपैकी एक उरलेल्या दोघांचा सख्खा (आई-वडील, भावंड किंवा अपत्य), दोन पिढ्या, एकाला तरी पन्नाशीच्या आत रोग. सुरुवातीला त्यांत फक्त मोठं आतडं धरलं जायचं. १९९९ मध्ये गर्भाशय, लहान आतडं, मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाचा नळीकडचा भाग हेही जोडले गेले. आई ही भावाचीही सख्खी आणि मामाचीही, म्हणून हे कुटुंब निकषांत चपखल बसत होतं. निकषांत न बसणारी लिंच कुटुंबं भरपूर असतात, हेही इथेच सांगून ठेवतो. घर लहान असेल किंवा माणसं दुसऱ्या कारणाने लवकर गेली असतील, तर साखळी दिसतच नाही. अंदाजे तीनशे माणसांत एकाला लिंच असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना तो माहीत नसतो.

या आजाराचा इतिहासही एका स्त्रीच्या बोलण्यापासून सुरू होतो. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कपडे शिवणाऱ्या एका बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या रोगनिदानतज्ज्ञाला सांगितलं, की आपल्या घरातले बहुतेक लोक आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कर्करोगाने गेले, तशी आपणही जाणार. तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच ती तरुणपणी गेली. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं झटकून टाकलं नाही, त्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ मध्ये ती छापली. हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात हा धागा पुढे नेला. मोठ्या आतड्याचं आणि बायकांचं दुखणं एकच असू शकतं, हे त्या बाईने डॉक्टरांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. आजही हे पहिल्यांदा घरातल्या एखाद्या बाईच्याच लक्षात येतं, आणि आजही ते फाइलच्या बाहेरच राहतं.

‘आधी माझीच तपासणी करा’

जनुकीय तपासणीचं नाव निघताच तिने हात पुढे केला. मी थांबवलं. आधी भावाची.

हा क्रम चुकला तर पैसा, वेळ आणि मनःशांती तिन्ही वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर. समजा, आधी तिचं रक्त तपासलं आणि काही सापडलं नाही. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, घरात बदललेलं जनुक आहे आणि ते तिच्याकडे आलेलं नाही. दुसरा, घरातला बदल असा आहे की या तपासणीत तो पकडलाच जात नाही. पहिल्यात ती मोकळी, दुसऱ्यात जोखीम जशीच्या तशी. कागदावर दोन्हींत एकच शब्द येतो : निगेटिव्ह. ज्याला रोग झाला आहे त्याच्यात बदल आधी सापडला, की मग बाकीच्यांत फक्त तोच बदल शोधायचा. तेव्हा निगेटिव्ह हे खरोखर निगेटिव्ह असतं.

भावाच्या बाबतीत तर सुरुवात रक्तापासूनही करायची नव्हती. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा मेणातला ठोकळा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा अक्षरं चुकतात. चार जनुकं, एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२, छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी त्या चुका हेरून दुरुस्त करतात. ही यंत्रणा कशी चालते हे उलगडण्यासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गाठीच्या पेशींत या चार जनुकांची प्रथिनं आहेत की नाहीत, हे रंग देऊन पाहता येतं. त्या तपासणीला आयएचसी म्हणतात. एमएलएच-१ गायब असेल तर सावधपणे पुढे जायचं, कारण उतारवयात ते आनुवंशिक कारणाशिवायही बंद पडतं आणि आणखी एक-दोन चाचण्या लागतात. भावाच्या गाठीत एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही दोन गायब होती. ही जोडी गेली की बोट एमएसएच-२ कडे जातं. रक्ताच्या तपासणीत त्याच जनुकात रोगकारक बदल सापडला.

कधी कधी रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं येतं. व्हीयूएस म्हणतात त्याला. त्यावरून कोणाचंही आतडं किंवा गर्भाशय काढायचं नसतं आणि नातेवाइकांची तपासणीही करायची नसते. या कुटुंबावर ती वेळ आली नाही.

भावाची बाजू

भाऊ सोबत आला होता, पण गप्प बसून होता. निघताना त्याने विचारलं, “मला केमो दिली नाही. म्हणजे मला सोडून दिलंय का?”

हा प्रश्न किती महिने त्याच्या मनात घोळत असेल कोण जाणे. उत्तर अगदी उलट होतं. त्याचा रोग दुसऱ्या टप्प्यावरचा होता, गाठी लसिकाग्रंथींत पोचल्या नव्हत्या, आणि ज्या गाठींत ही चूकदुरुस्ती बंद असते त्या या टप्प्यावर ऑपरेशननंतर एरवीपेक्षा कमी परततात. शिवाय त्यांत फ्लुओरोयुरासिल हे नेहमीचं औषध एकटं देऊन फायदा दिसत नाही. म्हणून केमो टाळली होती. त्याला कोणी हे कारण सांगितलंच नव्हतं. पुढे कधी रोग पसरलाच, तर अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारा उपचार, चांगली चालते, हीही माहिती त्या मेणाच्या ठोकळ्यातूनच मिळाली.

त्याच्या आजाराचा आधीचा भागही सांगायला हवा. निदानाआधी जवळपास वर्षभर त्याचं हिमोग्लोबिन कमी होतं आणि तो लोहाच्या गोळ्या घेत होता. गोळ्यांनी वाढायचं, थांबवल्या की उतरायचं. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ बहुधा डोळ्यांना दिसेल असं रक्त टाकत नाही. थेंब थेंब जातं आणि माणूस फक्त दमत जातो. डाव्या बाजूला रक्त दिसतं, पण तिथे ‘मूळव्याध असेल’ म्हणून वेळ जातो. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता झाली आणि कारण सापडत नसेल, तर जठर आणि मोठं आतडं दुर्बिणीने पाहायलाच हवं. इथे गोळी देऊन थांबणं म्हणजे निदान पुढे ढकलणं.

‘तक्रार काहीच नाही’

आता पुन्हा तिच्याकडे. तक्रार नाही म्हणाली होती. पाळीबद्दल स्पष्ट विचारल्यावर कळलं, पाच महिन्यांपासून अंगावरून जास्त जातंय, मधेच डागही पडतात. “वयच झालंय ना आता,” ती म्हणाली.

ज्याला काही त्रास नाही त्याची तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. त्रास आहे, त्याच्या तपासणीला निदान म्हणायचं, आणि तिथे स्क्रीनिंगचे नियम, वयाच्या अटी, वर्षांचं अंतर काहीही लागू होत नाही. आईला ४८व्या वर्षी गर्भाशयाचा कर्करोग, घरात एमएसएच-२, आणि हिला अनियमित रक्तस्राव. जनुकाच्या रिपोर्टची वाट न पाहता अस्तराची बायोप्सी त्याच आठवड्यात करून घेतली. नुसती सोनोग्राफी पुरली नसती. पाळी चालू असलेल्या बाईत अस्तराची जाडी रोज बदलते, तिच्यावर विसंबता येत नाही.

बायोप्सी म्हटल्यावर तिने विचारलंच : “सुई टोचली, तुकडा काढला की पसरतो म्हणतात, खरं का?” नाही. बायोप्सीच्या मार्गात पेशी राहण्याची शक्यता काही मोजक्या प्रकारच्या गाठींत असते. अशा वेळी सर्जन आधीच वेगळी काळजी घेतात. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही. न घेतल्याने मात्र तो कळायचा राहून जातो. बायोप्सीत कर्करोग नव्हता, त्याच्या आधीची अवस्थाही नव्हती. रक्तस्रावाचं कारण हार्मोन्सचा असमतोल निघालं.

पॉझिटिव्ह

भावात सापडलेला बदल तिच्यातही आहे का, हे विचारण्याआधी तिला विचार करायला वेळ दिला. रिपोर्ट आल्यावर काय बदलेल, घरात कोणाला सांगणार, विम्यावर परिणाम होतो का (हे देशादेशांत वेगळं आहे, आधी विचारून घ्यावं), यावर बोलणं झालं. पालकांपैकी एकाकडे बदल असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. भावाला आला म्हणून तिची शक्यता कमीही होत नाही, वाढतही नाही.

तिच्याकडेही तो होता. “म्हणजे मला कॅन्सर आहे?” नाही. बदललेलं जनुक म्हणजे रोग नव्हे. प्रत्येक पेशीत त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. जन्मतः एक नादुरुस्त, दुसरी काम करत असते. ती दुसरीही एखाद्या पेशीत गेली की तिथून चुका साठू लागतात.

मग आकडे. एमएसएच-२ चा बदल असलेल्या स्त्रीला पंच्याहत्तरीपर्यंत मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, गर्भाशयाची जवळपास तेवढीच, बीजांडकोशाची दहात एक किंवा त्याहून थोडी जास्त. मूत्रमार्गाची जोखीमही या जनुकात इतरांपेक्षा ठळक असते. मामाचं तेच झालं होतं. हेच पीएमएस-२ असतं, तर आतड्याचा आकडा दहात एकाच्या घरात राहिला असता. त्यामुळे ‘लिंच आहे’ एवढं कळून भागत नाही, कोणतं जनुक हेही रिपोर्टात पाहावं लागतं. नियमित देखरेखीखाली असलेल्या लिंच रुग्णांना आतड्याचा कर्करोग झालाच, तर दहापैकी जवळपास नऊ जण दहा वर्षांनंतरही हयात असतात. हा आकडा मी पहिल्यांदा सांगायला हवा होता असं वाटेल, पण जोखीम न लपवता सांगितली तरच हा दुसरा आकडा खरा वाटतो.

दुर्बीण

तिचं म्हणणं होतं, “शौचाची तपासणी करते ना मी, साधी असते.” सर्वसाधारण जोखमीच्या माणसासाठी शौचातलं रक्त शोधणारी एफआयटी तपासणी उत्तम आहे. अमेरिकेत ४५व्या वर्षापासून, बऱ्याच देशांत पन्नाशीपासून ती किंवा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने पाहणं, सुचवली जाते. पण २०१४ मध्ये छापल्या गेलेल्या एका मोठ्या अभ्यासात एकदा केलेल्या एफआयटीने कर्करोग चारपैकी तीन वेळा पकडला आणि धोकादायक पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढणारा उंचवटा) मात्र चारपैकी एकदाच. लिंचमध्ये आपल्याला कर्करोग पकडायचा नसून तो होण्याआधीचा पॉलिप काढायचा असतो. तिथे दुर्बिणीला पर्याय नाही.

एमएसएच-२ असेल तर कोलोनोस्कोपी २०-२५ व्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी. ती ३९ ची, म्हणजे उशीरच झाला होता. आतडं पूर्ण साफ होणं ही अर्धी तपासणी असते, म्हणून औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि अर्धा त्याच दिवशी पहाटे घ्यायचा. धोका असतो का? असतो. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार दर दहा हजार स्क्रीनिंग कोलोनोस्कोपींमागे सुमारे तिघांच्या आतड्याला छिद्र पडतं आणि पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो. तिच्या जोखमीपुढे हा धोका फार लहान.

उजव्या बाजूला आठ मिलिमीटरचा एक चपटा पॉलिप निघाला. तिथेच काढला. ॲडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेला पण पुढे तो होऊ शकणारा पॉलिप, सौम्य बदल.

तिची समजूत अशी, की पॉलिप निघाला, काढला, आता दहा वर्षं निवांत. एरवी हा विचार बरोबर आहे. सामान्य माणसात एवढा लहान, एकच ॲडिनोमा निघाला तर अमेरिकेतल्या २०२० च्या शिफारशींनुसार पुढची कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी करतात, कारण ॲडिनोमाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. लिंचमध्ये चूकदुरुस्ती बंद असल्याने तोच प्रवास एक ते तीन वर्षांत होऊ शकतो. ती घाई नियमात गृहीत धरलेली आहे, त्यात तिच्या पॉलिपचा दोष नाही. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांवर पंधरा वर्षं चाललेल्या अभ्यासात दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी झाला. तीन वर्षांच्या अंतरातही काहींना तो झालाच, म्हणून पुढे अंतर आणखी कमी केलं गेलं.

रिपोर्ट घेताना तिला चार गोष्टी तपासायला शिकवलं : दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का, आतडं किती साफ होतं, पॉलिप किती, केवढे आणि पूर्ण निघाले का, पुढची तारीख. ‘कोलोनोस्कोपी नॉर्मल’ एवढ्याच ओळीचा रिपोर्ट घेऊन घरी जाऊ नये.

गर्भाशय, गोळी आणि बाकीचं

गर्भाशयाच्या अस्तरासाठी आतड्यासारखी भरवशाची स्क्रीनिंग नाही. दर वर्षी बायोप्सी करता येते, पण तिने जीव वाचतो असं दाखवता आलेलं नाही. मुलं झाली असतील तर चाळिशीच्या आसपास गर्भाशय आणि बीजांडकोश काढणं हा पर्याय असतो, आणि त्याने या दोन कर्करोगांची शक्यता जवळजवळ संपते. निर्णय तिचा होता. वर्षभराने, चाळिशी ओलांडल्यावर तिने ऑपरेशन करून घेतलं. बीजांडकोश गेले की पाळी एकदम बंद होते. हाडं आणि हृदय जपण्यासाठी इस्ट्रोजेन साधारण पन्नाशीपर्यंत द्यावं लागतं. ‘हार्मोन्सनी कॅन्सर होतो’ या भीतीने बायका ते अर्ध्यात सोडतात. गर्भाशय नसताना एकटं इस्ट्रोजेन ही वेगळी गोष्ट आहे. तिने ते सोडलं नाही.

अ‍ॅस्पिरिनबद्दल तिनेच विचारलं. कॅप-२ या चाचणीत ८६१ लिंच रुग्णांपैकी ज्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किमान दोन वर्षं मिळालं, त्यांच्यात आतड्याचा कर्करोग पुढे स्पष्टपणे कमी झाला. परिणाम दिसायला काही वर्षं लागली. पोटातला अल्सर, रक्तस्राव, किडनी पाहून डॉक्टरच ही गोळी ठरवतात. तंबाखू, दारू, वजन यांवरही बोलणं झालं. ते सगळ्यांनाच लागू आहे.

आई आणि मुलगी

आईने रिपोर्ट ऐकला आणि म्हणाली, “माझ्यामुळे झालं हे पोरांना.” कोणत्याही तपासणीपेक्षा हे वाक्य जास्त वेळ मागतं. हा बदल आईने निवडला नव्हता; तिलाही तो मिळाला होता, तिच्या भावालाही. आणि तिच्या आजाराची नोंद झाली नसती, तर मुलीचा धागा आज लागलाच नसता. तिचं गर्भाशय काढून अठरा वर्षं झाली, पण आतडं कधीच कोणी पाहिलं नव्हतं. गर्भाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण बरे होतात आणि फॉलो-अप संपतो, तिथेच ही चूक राहते. खरं तर गर्भाशयाच्या प्रत्येक कर्करोगाच्या गाठीवर आयएचसी व्हायला हवी. शंभरात साधारण तिघींत लिंच निघतो. आईची कोलोनोस्कोपी झाली. नॉर्मल. पुढचीही ठरली.

मुलीचा प्रश्न तिने सगळ्यात शेवटी काढला. “तिचीही करून टाकू का आत्ताच?” नको. पंधराव्या वर्षी रिपोर्ट कळून करण्यासारखं काही नसतं. देखरेख विशीत सुरू होते. मुलगी सज्ञान झाली की ती स्वतः ठरवेल. अपवाद एवढाच, की दोन्ही पालकांकडे त्याच जनुकात बदल असेल तर दोन्हींकडून तो मिळालेल्या मुलाला लहानपणीच गंभीर कर्करोग होऊ शकतात. तिच्या नवऱ्याच्या घरात तसलं काहीच नव्हतं.

मामेभाऊ

धाकट्या मावशीने तपासणी करून घेतली. तिच्यात बदल नव्हता, त्यामुळे मावसभावंडांचा प्रश्न तिथेच मिटला. मामाच्या मुलाने मात्र नाही म्हटलं. वय ३६, दोन लहान मुलं. “मला माहीतच नको,” त्याने कळवलं. बहिणीने त्याला महिनाभर फोन केले. मग मी तिला थांबायला सांगितलं. न जाणण्याचाही हक्क असतो, आणि आग्रहाने माणूस आणखी लांब जातो.

त्याला एक पत्र पाठवलं. त्यात एवढंच होतं : जनुकाची तपासणी तुम्ही न केलेली चालेल. पण न तपासलेल्या माणसाला, ज्याच्या वडिलांना हा रोग होता, आम्ही बदल असल्यासारखंच धरतो. म्हणून कोलोनोस्कोपी करून घ्या, आणि लघवीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका. पुढे कधी जाणून घ्यावंसं वाटलं, तर तुमच्या आतेभावाच्या रिपोर्टाचा क्रमांक या पत्रात आहे. कोणतीही लॅब नेमका तोच बदल शोधू शकेल.

त्याने जनुकाची तपासणी अजून केलेली नाही. कोलोनोस्कोपी झाली, एक लहान पॉलिप निघाला, आणि पुढच्या वर्षीची तारीख त्याने स्वतःच घेतली.